चांदी रंगाचा पाइप

३ जुलै, बुधवार
अँटेना परत रुसला. सकाळपासून लॅपटॉपच्या नकाशावर दोन विमानं. तीही डोक्यावर आल्यावर उमटली आणि चिखलीच्या पुढे जायच्या आत पुसली गेली. मुंबईहून नागपूर-कोलकात्याची सगळी ये-जा आपल्या अमडापूरवरून, आणि मान वर केली तर नुसत्या डोळ्यांना माझ्या लॅपटॉपपेक्षा जास्त दिसतात. नंदाला हे सांगितलं. म्हणाली, "मंग मानच वर करा ना. लाइटबिल तं वाचंल."

बायकोशी वाद घालायचा नाही हे लग्नातच ठरलंय. पण वाईट वाटलं. केबल टीव्हीच्या वायरचे तुकडे कापून, एकाला एक जोडून मी हा अँटेना केला. विमान आपला कोड, उंची, ठिकाण सारखं ओरडून सांगत असतं, अँटेनानं ते ऐकायचं, एवढंच काम. बी.एस्सी. अर्धवट सोडलेल्या माणसाचं आयुष्यातलं एकुलतं एक यंत्र, तेही धड ऐकत नाही.

दुकानात शुकशुकाट. पावसानं दडी मारलीय. पहिली पेरणी उगवली तेवढी करपली. कपाशीच्या बियाण्याची पाकिटं रॅकवर बसून माझ्याकडे बघतात. जुलैत कृषी केंद्राचा मालक माशा मारतोय.

५ जुलै, शुक्रवार
वर चढलो. जोड तपासले. एक सैल वाटला, आवळला. फरक नाही. अँटेनाची वायर लॅपटॉपला जोडणारं डोंगल तापतं म्हणून त्याच्यापुढे टेबलफॅन लावला. फरक नाही. मोबाइलचा टॉवर जवळ आहे, त्याला दोन शिव्या दिल्या. त्यानेही नाही.

खाली युसूफभाई शिडी धरून उभा. रस्त्यापलीकडचं वेल्डिंगचं दुकान त्याचं. हा लोखंडी खांब त्यानंच उन्हाळ्यात करून दिला. वरच्या टोकाला प्लास्टिकचा पाइप, पाइपच्या पोटात अँटेना. आणि सगळ्याला, पाइपालासुद्धा, चांदी रंग. गावातली निम्मी फाटकं त्याच्या हातची आणि सगळी चांदीची. तेव्हा त्याला विचारलं होतं, प्लास्टिकला कुठं गंज चढतो? तर म्हणाला, "नाई चढत भाऊ. पन दिसाले तं चांगलं दिसते." मजुरी घेतली नाही. चहा घेतला.

आज उतरताना विचारतो, "पेपरात आलं, सरकार विमान आनून पाऊस पाडनार म्हनते. तुमच्या मशीनवर दिसंल का ते?"

दिसेल की, म्हटलं. म्हणायला काय जातं.

८ जुलै, सोमवार
दिसलं!

दुपारी, चिखलीच्या थोडं खाली, एक विमान. उंची कमी. सरळ न जाता गोल गोल फिरतंय. नाव-गाव काही उमटलं नाही, नुसता कोड. थोडा वेळ राहिलं, मग गेलं.

दुकानापुढच्या बाकड्यावर देवमन आबा आणि मंडळी. बाकडं म्हणजे गावाची आकाशवाणी आणि आबा तिचे निवेदक. मी मोठ्यानं म्हटलं, "पावसाचं विमान फिरून राह्यलं." सगळे आत आले. माझ्या लॅपटॉपभोवती एवढी माणसं पहिल्यांदाच. आबांनी धोतराला चष्मा पुसला, स्क्रीनला नाक लावलं. "प्रकाश, लेका, तू तं शास्त्रज्ञ निंगाला बे."

खोटं कशाला लिहू, छाती फुगली. संध्याकाळपर्यंत उतरली नाही.

९ जुलै, मंगळवार
बाकडं भरलेलं. विमान परत आलं, त्याच जागी गोल. आबा रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगतात. "पाऊस आला की पाहू" म्हणणारे दुबार पेरणीसाठी पाकिटं घेऊन गेले. रॅक हलका झाला.

संध्याकाळी युसूफभाई. नाल्याकाठी त्याचं वावर आहे, पहिली पेरणी गेलेली. बोंडअळीच्या वर्षापासून "कपाशी बस झाली" म्हणतो आणि दरवर्षी कपाशीच लावतो. यंदा मात्र थांबून, पाऊस पडल्यावर सोयाबीन टाकायचं असं त्याचं ठरत आलं होतं. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "भाऊ, बाकीच्याइचं सोडा. तुमी मले सांगा. पक्कं हाय ना?"

विमानाचा कोड समोर लॅपटॉपवर होता. नेटवर टाकला असता तर विमान कुणाचं ते तिथल्या तिथं कळलं असतं. टाकला नाही.

"पक्कं," म्हटलं. पाकिटं त्याच्या पिशवीत मीच घातली.

१३ जुलै, शनिवार
ढग येतात, बघून जातात. विमान येतं, गोल फिरून जातं. बाकडं दोघांकडेही बघतं.

यु.भाईनं धुळीतच सरकी टोबली, एकेक बी हातानं मातीत खोचून. बाकीच्यांनीही.

नंदा जेवायला वाढताना: "तुमी कायले पावसाची जिम्मेदारी घेता?" मी कुठं घेतली, म्हटलं. "मंग ते बाकडं रोज कोनाच्या भरवशावर बसून राह्यते?"

वरण गार झालं होतं. तसंच भातावर घेतलं.

१९ जुलै, शुक्रवार
यु.भाईच्या वावरात जाऊन आलो. नाल्याच्या बाजूला थोडी ओल होती, तिथं कोंब आले आणि जळाले. बाकीचं बी मातीत तसंच. त्यानं एक उकरून तळहातावर घेतलं. वरचं औषध अजून रंगीत, पाकिटातून निघालं तसं. "जित्तं हाय अजून," म्हणाला. मला वाटतं माझी समजूत घालत होता.

येताना गाडी त्यानं चालवली. मी मागे बसून त्याची पाठ बघत आलो.

२२ जुलै, सोमवार
लिहू नये असं वाटतंय. म्हणून लिहितो.

सकाळी आबा पेपर घेऊन आले. बातमी होती: पावसाचं विमान अजून यायचंच आहे, पुढच्या महिन्यात येईल. आबांनी ती मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली. मग चष्मा काढला. "मंग हे रोज कोन फिरून राह्यलं होतं बे? तुझा मामा?"

कुणी हसलं नाही. पेरलेले सगळे तिथं होते. मागून कुणीतरी हळूच, "काऊन प्रकाशभाऊ?"

वर पाहिलं तर खांब. उन्हात चांदी चमकत होती. आणि मी म्हणालो, "अँटेनानं चुकीचं दाखवलं. पाइपाले वरून चांदी रंग मारला ना. त्या रंगात धातू असते. सिग्नलच बिघडते."

सगळ्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. युसूफभाई डोळ्यांवर काच धरून ग्रिल जोडत होता. आबांनी हाक मारली, बोलावून सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पाइपाकडे. "अच्छा? मले मालूम नव्हतं भाऊ." एवढंच. त्याचं स्वतःचं बीही मातीतच पडलंय, हे बाकड्याला आठवलं नाही. बहुतेक त्यालाही नाही.

रंगानं एका विमानाचं दुसरं विमान होत नाही. विमान होतं, गोल फिरत होतं, अँटेनानं खरं तेच दाखवलं. ते पावसाचं आहे हे मी ठरवलं. आणि हे मला तिथं बोलताना माहीत होतं. मागाहून कळलं असतं तर निदान...

दुपारी पाइप उतरवला. सगळ्यांदेखत. कुणीतरी शिडीही धरली.

२३ जुलै, मंगळवार
कोड शेवटी टाकून पाहिला. विमान उडवायला शिकवणाऱ्या कुठल्याशा शाळेचं. पोरं गोल फिरायला शिकत होती.

कालपासून कान गरम आहेत. अन्न गोड लागत नाही. समोरच्या वेल्डिंगच्या उजेडाकडे बघवत नाही. तसंही बघू नये म्हणतात.

२४ जुलै, बुधवार
अँटेना टेबलावर उघडून बसलो. पाइप उतरवूनही विमानं तेवढीच, दोन नाही तर तीन. म्हणजे कारण दुसरंच. उरलेल्या वायरचा तुकडा सोलला आणि आतलं पांढरं प्लास्टिक नखानं दाबलं. दबलं. स्पंजासारखं.

मी तुकड्यांचं माप घेतलं होतं नेटवरून, पोटात कडक प्लास्टिक असलेल्या वायरचं. कडक प्लास्टिकात लहर हळू चालते, तुकडे आखूड लागतात. स्पंजात भराभर चालते, लांब लागतात. नऊ सेंटिमीटर कापले, हवे होते साडेअकराच्या आसपास. आधी वायर सोलून नख लावून बघायचं एवढंच होतं. घाई. म्हणजे रंगाचा ब्रश लागायच्या आधीच अँटेना बहिरा होता. बहिरा करणारा मी.

नवे तुकडे कापले, जोडले. या वेळी प्रत्येक जोड भिंगातून पाहिला.

यु.भाईला सांगून टाकायचं. उद्या.

२५ जुलै, गुरुवार
सांगितलं नाही.

मी रस्ता ओलांडायच्या आत तोच आला. खांद्यावर नवा पाइप, पांढरा. "बिना रंगाचा आनला भाऊ." माझ्या हातातला नवा अँटेना घेतला, पाइपात सरकवला, स्वतः चढून बसवला. मी खाली शिडी धरून. शिडी धरणाऱ्याला बोलता येतं. मी नुसती धरली.

चालू केलं आणि नकाशा भरला. मुंबईची, नागपूरची, पार हैदराबादहून दिल्लीला जाणारी. कधी न पाहिलेल्या कंपन्यांची. बाकडं आत घुसलं. आबा म्हणाले, "पाहा! रंगच होता." यु.भाईचा चेहरा उजळला. खरोखरचा आनंद. मग माझ्याकडे वळून दोन्ही कानांना हात लावले. "गलती झाली भाऊ माझी."

मी म्हणालो, "जाऊ द्या हो."

मी त्याला माफ केलं. मी! त्याला!

२७ जुलै, शनिवार
रात्रीपासून पाऊस. शांत, मुरणारा. जे पेरायचे थांबले होते त्यांची सोयाबीनसाठी झुंबड. दिवसभर मान वर करायला फुरसत नाही. एरवी असा दिवस म्हणजे दिवाळी.

आबा ओल्या छत्रीसकट दारात: "चांदी उतरली अन् पानी आलं." गंमत म्हणून बोलले. सगळे हसले. दुपारपर्यंत त्यात गंमत उरली नाही. एक चांगला शिकलेला माणूस काउंटरवर वाकून विचारतो, खरंच रंगानं ढग अडतात का? "काहीतरीच काय," म्हटलं. पण हळू म्हटलं. त्याच्यामागे उभे होते त्यांना ऐकू गेलं नसणार.

३० जुलै, मंगळवार
आज नक्की, असं ठरवून रस्ता ओलांडला. यु.भाईनं स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. म्हणाला, "बोला भाऊ." मी म्हणालो, खिळे हवे होते. खिळे घेऊन आलो. घरात खिळ्यांचा डबा भरलेला आहे.

२ ऑगस्ट, शुक्रवार
आता त्याला "चांदीवाले" म्हणतात. तोंडावर. तो हसतो.

शाळेजवळच्या घराचं फाटक त्याच्याकडे सांगितलेलं होतं. ते चिखलीला करायला दिलं असं आज कळलं. जे हातात आहे त्याला तो हिरवा रंग देत होता. चांदीचा डबा दुकानाच्या मागं, झाकणावर वीट.

त्याच्या वावरात नांग्या भरणं, न उगवलेल्या जागी परत बी टाकणं, चालू आहे. झाडं कमी, मधली मोकळी जागा जास्त. शेजारच्या धुऱ्याच्या बांधापलीकडे थांबलेल्यांचं सोयाबीन ओळीनं हिरवं. तोही थांबणार होता.

५ ऑगस्ट, सोमवार
नंदा भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमी अँटेना नवा केला, अन् पाइप बी नवा लावला. दोन्ही एकाच दिवशी. मंग रंगच खराब होता हे कसं समजलं तुमाले?"

भौतिकशास्त्र मी शिकलो, प्रश्न तिला पडला.

सगळं सांगितलं. कोड, नख, साडेअकरा, सगळं. वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं भाकरी उलटली. "युसूफभाईले सांगतलं?"

नाही.

"मंग मले कायले सांगता."

७ ऑगस्ट, बुधवार
लॅपटॉप उघडला नाही. विमानं आपली आपली जात असतील.

बाकड्यावर विषय निघाला की मी आत माल लावायला जातो. इतका नीट लावलेला माल या दुकानात कधी नव्हता.

१२ ऑगस्ट, सोमवार. ईद.
दरवर्षीसारखा यु.भाई स्वतः न्यायला आला. मला वाटत होतं, यंदा येणार नाही. येऊ नये असंही वाटत होतं.

आमच्यासाठी दरवर्षी तो वेगळ्या भांड्यात भाज्यांचा पुलाव करवतो. ते भांडंही वेगळं ठेवलेलं आहे, कपाटात वरच्या फळीवर. मलकापूरचा त्याचा साडू आला होता, जिनिंगमध्ये कामाला आहे. त्यानं खांबाचं विचारलं, गावात शिरतानाच कुणीतरी त्याला चांदीची गोष्ट सांगितली होती. यु.भाईच्या भावजयी, पोरीबाळी, सगळ्यांसमोर. मी ताट खाली ठेवलं.

यु.भाई साडूला म्हणाला, "मेरे रंग के चक्कर में भाऊ का नाम खराब हुआ. मगर गुस्से का एक लफ्ज नहीं बोले मुझको."

साडूनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. नंदानं पाहिलं नाही, ती ताटातले मटार एका बाजूला करत होती. आता बोल, आता बोल, असं मनात चाललेलं. यु.भाई उठला आणि माझ्या ताटात आणखी पुलाव वाढला.

खाल्ला. सगळा. टाकला असता तर त्याला वाटलं असतं आवडला नाही.

घरी येताना नंदा चार पावलं पुढे चालत होती.

१४ ऑगस्ट, बुधवार
दुपारी शटर ओढून वर गेलो. पांढरा पाइप काढला. जुना चांदीचा पाइप गोदामात होता, तो चढवला. आत तोच चांगला अँटेना. खाली येऊन लॅपटॉप उघडला.

नकाशा भरलेला. विमानं तेवढीच, लांबवरची तशीच. पाइप काढून पाहिला, घालून पाहिला. काही फरक नाही. त्याच्या रंगाचा काडीचा दोष नव्हता.

आता जे लिहितो ते कुणाला सांगणार नाही. शटर ओढून बसलो होतो तेव्हा मनातून वाटत होतं की थोडी कमी दिसावीत. एखाद-दुसरं तरी. थोडा तरी दोष त्याचा निघावा, म्हणजे थोडं तरी मी खरं बोललो असं होईल. स्क्रीनकडे बघत मी त्याची वाट बघत होतो. इतका हलका माणूस आहे मी.

कुणी बघायच्या आत पांढरा परत लावला.

१५ ऑगस्ट, गुरुवार
शाळेत झेंडावंदन. यु.भाई माझ्या शेजारीच उभा होता. झेंड्याचा खांबही त्यानंच केलेला, काही वर्षांमागं. चांदीचा. आबा त्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "चांदीवाले, याच्यानं तं पाऊस नाई ना अडत?" मागची माणसं हसली. तो हसला नाही या वेळी. खाली बघितलं आणि चपलेनं माती सारखी केली.

मी झेंड्याकडे बघत राहिलो. सरळ. सावधान.

घरी आल्यावर नंदाला म्हटलं, उद्या. ती म्हणाली, "मले नका सांगू." मग थोड्या वेळानं, "चहा मांडून ठेवीन सगळ्याइसाठी."

१६ ऑगस्ट, शुक्रवार
काउंटरवर बसून लिहितोय. सकाळचं.

चांदीचा पाइप वर आहे. या वेळी शटर न ओढता, रस्त्यावर माणसं असताना चढवला. लॅपटॉप बाहेर बाकड्यावर, स्क्रीन रस्त्याकडे. नकाशा भरलेला. आबा आले, वर पाहिलं. "परत चांदी काऊन लावली बे? पाऊस घालवतो काय आता?" बसा म्हटलं, सगळे येऊ द्या. आता आणखी चौघं आलेत, आणि फाटक चिखलीला देणारा तोही आहे. नंदा चहा घेऊन आलीय. घरात जाण्याऐवजी काउंटरला टेकून उभी राहिली. सकाळच्या वेळी ती दुकानात कधी थांबत नाही.

बोलायचं पाठ केलंय. पहिलं वाक्य: ते विमान पावसाचं आहे हे मी ठरवलं, न बघता. दुसरं: अँटेनाचं माप माझं चुकलं, रंगाचा काही दोष नाही, हे बघा, चांदी वर असून सगळं दिसतंय. पहिलं वाक्य जिभेपर्यंत येतं. "मी" पाशी अडकतं.

समोरचं शटर वर गेलं.

युसूफभाईनं बाहेर येऊन आधी रस्ता पाहिला, माणसं पाहिली, मग वर पाहिलं. चांदी दिसली. चेहराच उतरला त्याचा. आपल्या हातून परत काही बिघडलं असंच त्याला वाटलंय. आबा त्याला हाक मारतायत. तो फडक्याला हात पुसत रस्ता ओलांडायला लागलाय, आणि अर्ध्या रस्त्यातूनच त्याचे हात कानांकडे चाललेत.

वही मिटतो.